पोर्क चॉप

पोर्क चॉप म्हणजे डुकराच्या पाठीच्या कण्यालगत असलेल्या मांसल भागातून, कण्याशी काटकोनात कापलेला मांसाचा जाड काप होय. या कापात बहुधा बरगडीचा किंवा मणक्याचा तुकडा असतो. हाड काढून टाकलेले चॉपही बाजारात मिळतात. युरोप, अमेरिका, पूर्व व आग्नेय आशिया या प्रदेशांतील घरगुती स्वयंपाकात हा काप विशेष प्रचलित आहे. तो जाळीवर, भट्टीत, तेलात तळून किंवा रश्शात शिजवून खाल्ला जातो. तथापि तापलेल्या तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजणे ही त्याची सर्वांत सोपी आणि सर्वाधिक रूढ पद्धत मानली जाते.

पोर्क चॉपचे मांस मऊ असले तरी त्यात चरबी कमी असते. त्यामुळे ते सुरक्षितपणे शिजण्याचे तापमान आणि कोरडे व वातड होण्याचे तापमान यांत केवळ काही अंशांचे अंतर राहते. हे मांस नेमके किती शिजवावे, हा प्रश्न पाकशास्त्राइतकाच सार्वजनिक आरोग्याशीही निगडित आहे. डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या परजीवी कृमींच्या भीतीमुळे ते दीर्घकाळ गरजेपेक्षा अधिक शिजवले जात असे. अमेरिकेच्या कृषी विभागाने २०११ मध्ये त्यासंबंधीच्या शिफारशीत बदल केला.

## नाव

इंग्रजीतील ‘चॉप’ या क्रियापदाचा अर्थ घाव घालून तोडणे असा आहे. हाडासह तोडलेला मांसाचा तुकडा या अर्थाने त्याचे नाम रूढ झाले. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनमध्ये असे भाजलेले काप मिळणाऱ्या खाणावळींना ‘चॉप हाउस’ म्हटले जाऊ लागले. मराठीत या कापासाठी स्वतंत्र शब्द नाही. हॉटेलांच्या खाद्यसूचीत आणि मांसविक्रीच्या दुकानांत ‘पोर्क चॉप’ असेच म्हटले जाते.

भारतात ‘चॉप’ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. गोवा आणि मुंबईतील ‘पोटॅटो चॉप’ ही उकडलेल्या बटाट्याच्या आवरणात खिम्याचे सारण भरून तळलेली टिक्की असते. बंगालमध्येही बटाटा, भाज्या किंवा मासे यांच्या तळलेल्या वड्यांना ‘चॉप’ म्हणतात. या पदार्थांचा प्रस्तुत लेखातील मांसाच्या कापाशी नावापलीकडे संबंध नाही.

## मांसाचा भाग व प्रकार

डुकराच्या खांद्यापासून मागच्या पायाच्या फऱ्यापर्यंत कण्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या मांसल पट्ट्याला इंग्रजीत ‘लॉइन’ म्हणतात. या पट्ट्यातील मुख्य स्नायू पाठीला समांतर असा लांबच लांब असतो. जनावराच्या चालण्याफिरण्यात त्याच्यावर पायाच्या स्नायूंइतका ताण पडत नाही. म्हणून त्यात चिवट संयोजी ऊतक कमी असते आणि तो अल्प वेळात शिजतो. पट्ट्याच्या कोणत्या भागातून काप घेतला, यावरून चॉपचे पुढील प्रकार पडतात.

* खांद्याकडील चॉप (ब्लेड चॉप): यात अनेक लहान स्नायू, चरबी आणि संयोजी ऊतक एकत्र असतात. मांसाचा रंग गडद व चव गाढ असते. हा काप किंचित चिवट असल्याने मंद आचेवर रश्शात शिजवण्यास अधिक योग्य ठरतो.
* बरगडीचा चॉप (रिब चॉप): एका बाजूला बरगडीचे हाड आणि मध्ये एकच मोठा गोलसर स्नायू असतो. कडेला चरबीची पट्टी असते. तव्यावर भाजण्यासाठी हा प्रकार सर्वांत सोयीचा समजला जातो.
* कमरेचा चॉप (लॉइन चॉप): यात इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखे हाड असून त्याच्या एका बाजूस पाठीचा स्नायू व दुसऱ्या बाजूस आतील अतिशय मऊ स्नायू असतो. हे दोन स्नायू वेगवेगळ्या गतीने शिजतात, त्यामुळे तो एकसारखा शिजवणे अवघड जाते.
* पुठ्ठ्याकडील चॉप (सरलॉइन चॉप): यात हाडाचे प्रमाण अधिक व स्नायूंची रचना गुंतागुंतीची असते. हा काप तुलनेने स्वस्त असतो.

## मांसाची रचना व उष्णतेचा परिणाम

कच्च्या, चरबीविरहित मांसात वजनाच्या सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. हे पाणी मुख्यतः स्नायूंच्या तंतूंमधील प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेले असते. मांस तापते तसे हे जाळे टप्प्याटप्प्याने आकसते आणि पाणी बाहेर पिळले जाते. मांसाच्या अंतर्भागाचे तापमान आणि त्यात होणारे बदल स्थूलमानाने असे सांगता येतात.

* ५० अंश सेल्सिअसच्या आसपास: मायोसिन हे प्रथिन गोठू लागते. मांस अपारदर्शक व घट्ट होते, पण रसाळ राहते.
* ६० ते ६५ अंश: तंतूंभोवतीच्या आवरणातील कोलॅजेन आकसते. त्याच्या दाबाने रस वेगाने बाहेर पडू लागतो.
* ६६ ते ७३ अंश: ॲक्टिन हे प्रथिनही गोठते. मांस घट्ट, कोरडे व तंतुमय होते.
* ७० अंशांच्या पुढे, दीर्घकाळ: कोलॅजेन हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होते. खांदा किंवा पोट यांसारख्या चिवट भागांना यामुळे मऊपणा येतो.

यातील शेवटचा टप्पा चॉपच्या फारसा उपयोगी पडत नाही. विरघळून मऊपणा आणू शकेल इतके कोलॅजेन पाठीच्या स्नायूत नसते. त्यामुळे ‘अधिक वेळ शिजवल्यास मांस मऊ होते’ हा इतर भागांना लागू पडणारा नियम येथे उलटा ठरतो. प्रेशर कुकरमध्ये पाण्याचा उत्कलनबिंदू वाढून सुमारे १२० अंशांपर्यंत जातो. त्यात खांद्याचे मांस लुसलुशीत होते. चॉपचे मात्र कोरडे धागे सुटतात.

मांसाची पाणी धरून ठेवण्याची क्षमता त्याच्या आम्लतेवरही अवलंबून असते. कत्तलीनंतर स्नायूंतील ग्लायकोजेनचे लॅक्टिक आम्लात रूपांतर होते आणि मांसाचा सामू सुमारे ५.६ ते ५.८ पर्यंत उतरतो. कत्तलीपूर्वी जनावर घाबरलेले असल्यास, किंवा आनुवंशिक दोषामुळे, ही उतरण मांस गरम असतानाच फार झपाट्याने होते. असे मांस फिकट, लिबलिबीत व पाणी सुटणारे बनते आणि कितीही काळजीपूर्वक शिजवले तरी कोरडे लागते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आरोग्यविषयक जागृतीमुळे अमेरिका व युरोपात कमी चरबीच्या डुकरांची पैदास वाढली. अमेरिकेत १९८७ पासून ‘दुसरे पांढरे मांस’ अशा आशयाच्या घोषवाक्याने डुकराच्या मांसाची जाहिरात करण्यात आली. चरबी घटल्यामुळे चूक पोटात घालण्याची मांसाची क्षमताही घटली. पूर्वीच्या चरबीयुक्त जनावरांसाठी ठरलेले पाककृतींतील वेळ नव्या मांसाला मानवेनासे झाले.

## खरपूस भाजण्यामागील रसायन

मांसाच्या पृष्ठभागावर येणारा तपकिरी रंग आणि खमंग वास मुख्यत्वे मैलार अभिक्रियेमुळे निर्माण होतो. प्रथिनांमधील अमिनो आम्ले आणि काही शर्करा यांच्यातील ही अभिक्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मैलार यांनी १९१२ मध्ये प्रथम वर्णिली. स्वयंपाकाच्या वेळात तिचा परिणाम जाणवण्यासाठी पृष्ठभागाचे तापमान सुमारे १४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असावे लागते.

पृष्ठभाग ओला असेल तोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. कारण तव्याची सर्व उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. पाणी शून्य अंशांपासून उकळीपर्यंत तापवण्यास लागणाऱ्या उष्णतेच्या ती पाचपटीहून अधिक आहे. म्हणूनच चॉप तव्यावर टाकण्यापूर्वी पूर्ण टिपून कोरडा करणे ही या पद्धतीतील महत्त्वाची पायरी होय.

### ‘रस कोंडून राहतो’ हा समज

मांस प्रखर आचेवर भाजल्यास पृष्ठभागाची छिद्रे बंद होऊन रस आत कोंडला जातो, हा समज जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्या १८४७ मधील मांसविषयक लेखनामुळे सर्वत्र पसरला. प्रत्यक्षात भाजलेला थर जलरोधक नसतो. तव्यावर ठेवलेल्या मांसातून सतत ऐकू येणारा चरचर आवाज हा बाहेर पडणाऱ्या रसाचीच वाफ होत असल्याचा पुरावा आहे. अमेरिकन लेखक हॅरॉल्ड मॅगी यांनी १९८४ मधील ‘ऑन फूड अँड कुकिंग’ या ग्रंथात या समजाचे खंडन केले. खरपूस भाजल्याने चव व वास येतो. रसाळपणा मात्र अंतर्भागाच्या तापमानावरच ठरतो.

## सुरक्षित तापमानाचा प्रश्न

### ट्रिकिनेला कृमी

१८३५ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिकत असलेल्या जेम्स पॅजेट या विद्यार्थ्याला एका शवाच्या स्नायूत बारीक कृमींची वेटोळी आढळली. रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. हा कृमी पुढे *ट्रिकिनेला स्पायरॅलिस* या नावाने ओळखला जाऊ लागला. प्रारंभी तो निरुपद्रवी समजला जात असे. १८६० मध्ये ड्रेस्डेन येथे फ्रीडरिश आल्बर्ट त्सेंकर यांनी एका तरुण मोलकरणीच्या मृत्यूचा छडा लावताना, हा कृमी डुकराच्या कच्च्या मांसातून माणसात येतो व प्राणघातक ठरू शकतो, हे दाखवून दिले. १८६५ मध्ये जर्मनीतील हेडर्सलेबेन येथे कच्चा खिमा खाल्ल्याने आलेल्या साथीत सुमारे शंभर जण दगावले. त्यानंतर रुडॉल्फ फिरखो यांच्या आग्रहामुळे जर्मनीत मांसाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करण्याची पद्धत रुजली.

या घटनांमधून ‘डुकराचे मांस पूर्ण पांढरे होईपर्यंत शिजवावे’ हा दंडक पाश्चात्त्य स्वयंपाकघरांत पक्का झाला. वस्तुतः या कृमीचा नाश तुलनेने कमी तापमानाला होतो. अमेरिकेच्या मांसप्रक्रियेविषयीच्या २०१८ पर्यंतच्या नियमांनुसार मांसाचा प्रत्येक भाग ६० अंश सेल्सिअसला किमान १ मिनिट राहिल्यास, किंवा सुमारे ६२ अंशांपर्यंत तापताच, हा कृमी मेला असे मानले जात असे. १५ सेंटीमीटरपेक्षा कमी जाडीचे मांस उणे १५ अंशांना २० दिवस गोठवून ठेवल्यासही तो मरतो. डुकरांना न शिजवलेले खरकटे व मांसाचे अवशेष खाऊ घालण्यावर निर्बंध आल्यापासून, तसेच बंदिस्त गोठ्यांतील पालनामुळे, अमेरिका व पश्चिम युरोपातील व्यापारी मांसात हा कृमी दुर्मीळ झाला आहे.

### २०११ मधील बदल

अमेरिकेच्या कृषी विभागाची पूर्वीची शिफारस डुकराचे मांस अंतर्भागात ७१ अंश सेल्सिअस (१६० अंश फॅरेनहाइट) होईपर्यंत शिजवावे अशी होती. या तापमानाला ॲक्टिनही गोठलेले असल्याने चॉप हमखास कोरडा होतो. मे २०११ मध्ये विभागाने अखंड कापांसाठी ही मर्यादा ६३ अंशांपर्यंत (१४५ अंश फॅरेनहाइट) खाली आणली. त्यासोबत मांस आचेवरून उतरवल्यानंतर किमान ३ मिनिटे तसेच ठेवावे, अशी अटही घातली. या तीन मिनिटांत तापमान टिकून राहते आणि जंतुनाश चालू राहतो.

खिम्यासाठीची मर्यादा मात्र ७१ अंशच ठेवण्यात आली. अखंड कापात जिवाणू मुख्यतः पृष्ठभागावर असतात व ते भाजताना मरतात. खिमा करताना पृष्ठभागावरील जिवाणू सर्व मांसात मिसळतात, हे त्यामागील कारण होय.

### पट्टकृमी

भारतासारख्या देशांत ट्रिकिनेलापेक्षा *टीनिया सोलियम* हा पट्टकृमी अधिक महत्त्वाचा आहे. त्याच्या संसर्गाचे दोन भिन्न मार्ग असून त्यांची अनेकदा गल्लत केली जाते. अर्धवट शिजलेल्या मांसातील जिवंत पुटी पोटात गेल्यास आतड्यात लांब पट्टकृमी वाढतो. मेंदूत पुटी होणे हा गंभीर आजार मात्र मांसातील पुटींमुळे थेट होत नाही. ज्याच्या आतड्यात पट्टकृमी आहे अशा माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडलेली अंडी दूषित पाणी, न धुतलेल्या भाज्या किंवा अस्वच्छ हात यांवाटे पोटात गेल्याने तो होतो. त्यामुळे आयुष्यात कधीही मांस न खाल्लेल्या व्यक्तीलाही तो होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, हा आजार जगभरातील टाळता येण्याजोग्या अपस्माराच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे.

उघड्यावर शौचास बसण्याची प्रथा आणि मोकाट फिरणारी डुकरे एकत्र असतात तेथे हे चक्र चालू राहते. बाधित मांसात साबुदाण्याच्या दाण्यासारख्या पांढरट पुटी दिसू शकतात; असे मांस खाऊ नये. बंदिस्त पालनातील, तपासणी झालेले मांस घेणे, ते पूर्ण शिजवणे आणि भाज्या व हात स्वच्छ धुणे हे यावरील घरगुती उपाय होत. मांसाच्या उगमाविषयी खात्री नसल्यास चॉपचा रसाळपणा दुय्यम समजून ७१ अंशांची जुनी मर्यादा पाळणे किंवा ते मांस रश्शात पूर्ण शिजवणे श्रेयस्कर ठरते.

## तव्यावर भाजण्याची घरगुती पद्धत

### निवड

सुमारे २.५ ते ४ सेंटीमीटर जाडीचा काप तव्यावर भाजण्यास योग्य असतो. पातळ काप बाहेरून तपकिरी होण्याआधीच आतून जास्त शिजतो. मांस फिकट गुलाबी ते लालसर, घट्ट आणि चरबीचे बारीक धागे असलेले असावे. पिशवीत पुष्कळ पाणी सुटलेले मांस टाळावे. गोठवलेला चॉप उघड्यावर न ठेवता शीतकपाटात रात्रभर ठेवून वितळवावा. कच्चे मांस नळाखाली धुतल्याने जिवाणू नष्ट होत नाहीत, उलट शिंतोड्यांवाटे ओट्यावर व इतर अन्नावर पसरतात. म्हणून ते धुण्याऐवजी स्वच्छ कागदाने टिपून घ्यावे.

### मीठ लावणे

मीठ केवळ चवीसाठी नसते. ते तंतूंमधील काही प्रथिने अंशतः विरघळवते, त्यामुळे तापल्यावर तंतू कमी आकसतात व पाणी अधिक टिकते. यासाठी दोन पद्धती आहेत.

* मिठवणी: एक लिटर थंड पाण्यात सुमारे ५० ते ६० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात चॉप १ ते २ तास शीतकपाटात बुडवून ठेवावेत. मांस पाणी शोषून घेते, त्यामुळे भाजण्यापूर्वी ते अधिक काळजीपूर्वक टिपावे लागते.
* खारवणे: चॉपच्या वजनाच्या साधारण एक टक्का मीठ चोळून तो किमान पाऊण तास, किंवा शीतकपाटात उघडा रात्रभर ठेवावा. मिठाने प्रथम सुटलेले पाणी पुन्हा आत मुरते आणि पृष्ठभाग कोरडा होतो. खरपूसपणासाठी ही पद्धत अधिक उपयुक्त ठरते.

मीठ लावून दहा-पंधरा मिनिटांतच भाजायला घेणे सर्वांत गैरसोयीचे असते. कारण त्या वेळी सुटलेले पाणी पृष्ठभागावरच असते.

### तवा व तेल

जाड बुडाचा बिडाचा तवा या कामास उत्तम; तो उष्णता साठवून ठेवतो आणि थंड मांस टाकल्यावर लवकर निवत नाही. जाड बुडाचे पोलादी भांडेही चालते. न चिकटणाऱ्या लेपाची भांडी प्रखर आचेसाठी योग्य नाहीत. त्यांवरील लेप सुमारे २६० अंशांच्या पुढे विघटित होऊ लागतो. रिफाइंड शेंगदाणा तेल, सूर्यफूल तेल किंवा तूप यांसारखा उच्च तापमानाला न जळणारा स्निग्ध पदार्थ वापरावा. लोण्यातील दुधाचे घन कण लवकर करपतात. म्हणून लोणी घालायचे असल्यास ते शेवटच्या एक-दोन मिनिटांत घालतात.

### कृती

1. चॉपच्या कडेच्या चरबीला दर दोन-तीन सेंटीमीटरवर आडव्या चिरा द्याव्यात. चरबीखालचा पातळ पडदा मांसापेक्षा अधिक आकसतो. चिरा न दिल्यास कापाला बाक येतो आणि मध्यभाग तव्याला टेकत नाही.
2. तवा मध्यम-मोठ्या आचेवर चांगला तापवावा व तेलाचा पातळ थर द्यावा. तेल चमकू लागून त्यावर तरंग दिसू लागले की तवा तयार झाला असे समजावे.
3. टिपून कोरडे केलेले चॉप एकमेकांपासून अंतर राखून ठेवावेत. गर्दी झाल्यास वाफ कोंडते व मांस भाजण्याऐवजी उकडले जाते.
4. चिमट्याने चॉप उभा धरून चरबीची कड एक-दोन मिनिटे तव्यावर टेकवावी. तिची चरबी पाझरून भाजण्यासही उपयोगी पडते.
5. दोन्ही बाजू तपकिरी झाल्यावर आच मध्यम करावी आणि दर मिनिटाला चॉप उलटत राहावा. वारंवार उलटल्याने उष्णता दोन्ही बाजूंनी समान पोहोचते आणि पृष्ठभागाखालचा कोरडा थर पातळ राहतो. २.५ सेंटीमीटर जाडीच्या चॉपला एकूण ८ ते १० मिनिटे लागतात. जाड काप झाकण ठेवून मंद आचेवर किंवा भट्टीत पूर्ण करतात.
6. अंतर्भागाचे तापमान ६० अंशांच्या सुमारास असताना चॉप उतरवून गरम ताटलीत सैल झाकून ठेवावा. बाहेरील थरातील उष्णता आत सरकत राहिल्याने तापमान आणखी तीन-चार अंशांनी वाढते. ते ६३ अंशांपर्यंत पोहोचल्याची खात्री करावी, आणि न पोहोचल्यास चॉप पुन्हा तव्यावर ठेवावा. त्यानंतर किमान ३ मिनिटे तो कापू नये.

### तापमान मोजणे

टोकदार अंकीय तापमापक चॉपच्या कडेतून आडवा, सर्वांत जाड भागाच्या मध्यापर्यंत घालावा. टोक हाडाला किंवा चरबीला टेकू देऊ नये. तेथील तापमान मांसाच्या तापमानाहून वेगळे असते. रंग हा विश्वासार्ह निकष नाही. मांसाचा गुलाबी रंग मायोग्लोबिन या रंगद्रव्यामुळे असतो आणि तो कोणत्या तापमानाला जाईल हे मांसाच्या सामूवरही अवलंबून असते. ६३ अंशांना पूर्ण सुरक्षित झालेला चॉप मध्यभागी गुलाबी राहू शकतो, तर एखादे मांस त्यापूर्वीच पांढरे दिसू लागते. बाहेर येणारा रस स्वच्छ आहे की नाही, ही पारंपरिक परीक्षाही त्याच कारणाने अपुरी पडते.

### तव्यातील खरवडीचा सॉस

चॉप उतरवल्यावर तव्याला चिकटून राहिलेल्या तपकिरी खरवडीत भाजण्याचा बराच स्वाद असतो. जास्तीची चरबी काढून टाकून तव्यात बारीक चिरलेला कांदा परततात. मग वाइन, व्हिनेगर, सफरचंदाचा रस किंवा हाडांचे सूप ओतून खरवड सोडवतात. हे मिश्रण आटवून शेवटी थोडे लोणी किंवा मोहरीची चटणी मिसळली की सॉस तयार होतो. ताटलीत चॉपमधून सुटलेला रसही त्यातच घालतात.

## देशोदेशीचे प्रकार

ब्रिटन व अमेरिकेत चॉपबरोबर सफरचंदाचा आंबटगोड सॉस देण्याची प्रथा आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत पीठ लावून तळलेले चॉप कांद्याच्या दाट रश्शात शिजवतात. फ्रान्समध्ये कांदा, पांढरी वाइन व मोहरी यांचा ‘रोबेर’ सॉस डुकराच्या मांसाचा पारंपरिक सोबती आहे. पोलंडचा ‘कोतलेत स्खाबोवी’ हा ठेचून पातळ केलेला, ब्रेडचा चुरा लावून तळलेला काप असतो. जपानमधील ‘तोंकात्सु’ही असाच तळला जातो; त्याचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोच्या गिन्झा भागातील पाश्चात्त्य धर्तीच्या उपाहारगृहांत झाल्याचे मानले जाते. व्हिएतनाममध्ये फिश सॉस, साखर व लसूण यांत मुरवलेला पातळ चॉप निखाऱ्यावर भाजून तुकडा तांदळाच्या भातासोबत खातात.

## गोवा व महाराष्ट्र

गोव्यात १५१० पासून १९६१ पर्यंत, तर वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज सत्ता होती. या दोन्ही प्रदेशांतील ख्रिस्ती समाजांत डुकराच्या मांसाच्या पाककृती विकसित झाल्या. गोव्यातील विंदालू, सोरपोतेल व चोरिस, तसेच वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजाचे इंदयाल हे त्यांपैकी प्रमुख पदार्थ होत. विंदालूचे मूळ वाइन व लसूण यांत मुरवलेल्या पोर्तुगीज मांसपदार्थात आहे. गोव्यात वाइनची जागा माडाच्या सुरेपासून केलेल्या व्हिनेगरने घेतली आणि त्यात मिरची व मसाल्यांची भर पडली.

या पदार्थांत मांस प्रायः चरबीयुक्त भागांचे असते आणि ते आंबट मसाल्यात दीर्घकाळ शिजवले जाते. आम्ल, मीठ आणि पूर्ण शिजवणे यांमुळे शीतकपाट नसलेल्या काळात, उष्ण व दमट हवेतही हे पदार्थ टिकत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते अधिक चवदार लागतात, असे मानले जाते. तव्यावर झटपट भाजलेला चॉप याच्या नेमका उलट आहे. त्यासाठी कमी चरबीचा भाग, थंड साखळीतून आलेले मांस आणि ताबडतोब वाढणे आवश्यक असते. त्यामुळे या भागात तो घरगुती परंपरेपेक्षा हॉटेले व शहरी स्वयंपाकघरांतच अधिक आढळतो. घरी चॉप करताना व्हिनेगरमध्ये वाटलेला मिरचीचा मसाला लावण्याची पद्धतही आहे. मात्र असा मसाला प्रखर आचेवर लवकर करपतो, म्हणून आच मध्यम ठेवावी लागते.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ९० लाख डुकरे होती व त्यांत आसामचा क्रमांक पहिला होता. ईशान्य भारत, गोवा, केरळ व कर्नाटकातील कोडगू येथे हे मांस विशेष खाल्ले जाते. इस्लाम व यहुदी धर्मांत ते निषिद्ध आहे. महाराष्ट्रातील अनेक समाजांतही ते खाल्ले जात नाही.

## पोषण व साठवण

चरबी काढून शिजवलेल्या १०० ग्रॅम चॉपमध्ये साधारण २५ ते ३० ग्रॅम प्रथिने असतात. थायमिन (जीवनसत्त्व ब१) या घटकाचे प्रमाण त्यात इतर बहुतेक मांसांपेक्षा अधिक असते. जाहिरातींत ‘पांढरे मांस’ म्हटले गेले असले तरी पोषणशास्त्रात डुकराच्या मांसाची गणना लाल मांसातच होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लाल मांसाचा समावेश ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात केला. मांस करपू दिल्यास काही अपायकारक संयुगेही तयार होतात. म्हणून तपकिरी रंगापुढे ते काळे होऊ देऊ नये.

कच्चे चॉप शीतकपाटात ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानाला ३ ते ५ दिवस, तर शिजवलेले ३ ते ४ दिवस टिकतात. गोठवलेले चॉप उणे १८ अंशांना दीर्घकाळ सुरक्षित राहतात. तथापि चवीच्या दृष्टीने ते ४ ते ६ महिन्यांत वापरणे इष्ट असते. उरलेला चॉप पुन्हा तव्यावर तापवल्यास कोरडा होतो. त्याचे पातळ काप करून ते गरम रश्शात किंवा परतलेल्या भातात घालणे अधिक सोयीचे ठरते.